स्पर्शजन्य त्वचाशोथ आणि त्याचे दूरनिदान

बाहेरील एखाद्या पदार्थाचा त्वचेशी संपर्क आल्यामुळे त्वचेचा जो दाह होतो, त्यास स्पर्शजन्य त्वचाशोथ असे म्हणतात. मराठीत सामान्यपणे ज्यांना ‘इसब’ म्हटले जाते, त्या विकारांपैकी हा एक महत्त्वाचा प्रकार आहे. तीव्र खाज, लाली, बारीक पुरळ, पाण्याचे फोड, लस गळणे व कालांतराने त्वचा जाड आणि काळसर होणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. रोग्याची छायाचित्रे किंवा चित्रसंवाद यांच्या आधारे दुसऱ्या ठिकाणी असलेल्या वैद्यकाने केलेल्या रोगपरीक्षेस दूरनिदान म्हणतात. त्वचा डोळ्यांना दिसणारा अवयव असल्यामुळे दूरनिदानाचा वापर त्वचारोगशास्त्रात लवकर सुरू झाला. मात्र या विकारात पुरळ ओळखणे हा निदानाचा केवळ पूर्वार्ध असतो. पुरळ कोणत्या पदार्थामुळे उठले हे शोधणे हा उत्तरार्ध असून रोग्याचे बरे होणे मुख्यतः त्यावर अवलंबून असते.

प्रकार

या विकाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. साबण, सोडा, आम्ल, ओले सिमेंट यांसारख्या पदार्थांमुळे त्वचेच्या वरच्या थराला प्रत्यक्ष इजा होते, तेव्हा त्यास *क्षोभजन्य त्वचाशोथ* म्हणतात. पुरेशा प्रमाणात व पुरेसा वेळ संपर्क आल्यास तो कोणालाही होऊ शकतो. हाच प्रकार अधिक प्रमाणात आढळतो.

दुसरा प्रकार *ॲलर्जीजन्य* होय. यात पदार्थ स्वतः इजा करत नाही, तर शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या पदार्थाला शत्रू मानून प्रतिक्रिया देते. त्यामुळे एकच केसांचा कलप घरातील चौघे वापरत असले, तरी त्यांपैकी एकालाच त्रास होऊ शकतो.

अंगावर पित्त उठणे, म्हणजेच गांधी उठणे, हा यांहून वेगळा विकार आहे. गांधी काही मिनिटांत उठतात आणि बहुधा चोवीस तासांच्या आत मावळतात. स्पर्शजन्य त्वचाशोथ उशिरा सुरू होतो आणि अनेक दिवस टिकतो.

कारणमीमांसा

ॲलर्जी (अधिहृषता) निर्माण करणारे बहुतेक पदार्थ अतिशय लहान रेणूंचे असतात, म्हणूनच ते त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरू शकतात. एकटा असा रेणू प्रतिकारयंत्रणेला जाणवत नाही. त्वचेतील प्रथिनाशी त्याचा संयोग झाल्यावर मात्र तो परका ठरतो. अशा अपुऱ्या रेणूला हॅप्टेन म्हणतात. त्वचेतील लांगरहान्स पेशी व तत्सम पेशी हे संयुग जवळच्या लसीका ग्रंथींपर्यंत नेतात आणि तेथे त्या पदार्थाची स्मृती बाळगणाऱ्या टी-पेशी तयार होतात. या अवस्थेला *संवेदीकरण* म्हणतात. त्यासाठी साधारणपणे दोन आठवडे लागतात आणि या काळात रोग्याला काहीही जाणवत नाही.

पुढे तोच पदार्थ पुन्हा त्वचेला लागला की या टी-पेशी त्या जागी जमा होतात आणि सुमारे एक ते तीन दिवसांत पुरळ उठते. हा विलंब लक्षात घेतला नाही, तर कारणाचा शोध भरकटतो. सोमवारी लावलेल्या पदार्थाचे पुरळ बुधवारी दिसते आणि दोष बुधवारी खाल्लेल्या वांग्याला किंवा अंड्याला दिला जातो. शिवाय संवेदीकरण वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही होऊ शकते. त्यामुळे ‘ही वस्तू मी वीस वर्षे वापरत आहे’ एवढ्यावरून ती वस्तू निर्दोष ठरत नाही.

संशोधनाचा इतिहास

जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी १८९५ साली पाऱ्याच्या औषधाने पुरळ उठलेल्या रोग्याच्या निरोगी त्वचेवर तोच पदार्थ पट्टीने लावून मर्यादित प्रतिक्रिया घडवून आणली. पट्टी चाचणीचा (पॅच टेस्टचा) आरंभ येथून मानला जातो. ‘ॲलर्जी’ ही संज्ञा ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ साली रूढ केली. स्वित्झर्लंडमध्ये ब्रूनो ब्लोख यांनी पट्टी चाचणीचे तंत्र विकसित केले आणि अमेरिकेत मॅरियन सुल्झबर्गर यांनी तिचा प्रसार केला.

हा विकार रक्तद्रवातील प्रतिपिंडांमुळे नव्हे, तर पेशींमुळे होतो, हे कार्ल लँडस्टायनर व मेरिल चेस यांनी १९४२ साली दाखवून दिले. संवेदीकरण झालेल्या गिनिपिगच्या पेशी दुसऱ्या गिनिपिगला दिल्यावर त्यालाही ती ॲलर्जी प्राप्त झाली. १९६३ साली गेल व कूम्ब्स यांनी ॲलर्जीच्या प्रतिक्रियांचे चार प्रकार मांडले. त्यांत या विकाराचा समावेश चौथ्या, म्हणजे विलंबित प्रकारात होतो.

महाराष्ट्रात व भारतात आढळणारे कारक पदार्थ

*गाजरगवत.* काँग्रेस गवत या नावानेही ओळखली जाणारी ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास ती पुणे परिसरात आढळल्याची नोंद झाली आणि त्यानंतर ती देशभर पसरली. आयात केलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असे सामान्यपणे मानले जाते. या वनस्पतीमुळे होणाऱ्या त्वचाशोथाचे वर्णन लोणकर, मिचेल व कॅल्नन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. तिच्यातील पार्थेनिन हे रसायन यास कारणीभूत ठरते. वाळलेल्या गवताचे कण हवेतून अंगावर बसत असल्यामुळे गवताला हात न लावताही त्रास होतो. चेहरा, पापण्या, मान, कानामागील भाग आणि कोपराची खळगी येथे पुरळ उठते. शेतकऱ्याला हा विकार जडल्यास त्याला स्वतःच्याच शेतात पाऊल टाकणे अशक्य होते. या गवताच्या जैविक नियंत्रणासाठी १९८४ साली बंगळूर येथे मेक्सिकोतील एक भुंगा सोडण्यात आला. तो या गवताची पाने खातो.

*बिब्बा.* बिब्ब्याचे तेल अंगाला लागून त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात व जखम चिघळते, याला मराठीत ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात असलेल्या अमेरिकी सैनिकांमध्ये या खुणांमुळे झालेल्या त्वचाशोथाचे वर्णन १९४३ साली प्रसिद्ध झाले. बिब्बा, काजू व आंबा ही झाडे एकाच कुळातील आहेत. काजूच्या टरफलातील तेल व आंब्याचा चीक यांतही तत्सम रसायने असतात. त्यामुळे कोकणात व गोव्यात काजू फोडणाऱ्या कामगारांच्या हातांवर असाच त्रास दिसून येतो. बिब्ब्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला आंब्याच्या चिकानेही पुरळ उठू शकते.

*निकेल.* नकली दागिने, घड्याळाचा पट्टा, पँटचे धातूचे बटण यांतून निकेल त्वचेत उतरते. कानाच्या पाळ्या, मनगट आणि बेंबीखालची जागा या तिच्या ठरावीक खुणा होत. कान टोचण्यापासून या ॲलर्जीची सुरुवात होण्याचा संभव असतो.

*क्रोमेट.* सिमेंटमध्ये व क्रोमने कमावलेल्या कातड्यात हे असते. गवंडी व बिगारी यांच्या हातापायांवर होणारा चिवट इसब बऱ्याचदा यामुळे असतो. चामड्याच्या चपलांमुळे पावलांच्या वरच्या बाजूस पट्ट्यांच्या आकाराचे पुरळ उठते. अशा रोग्यांना वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याची पादत्राणे सुचवली जातात. कोल्हापुरी चपलेचे चामडे पारंपरिक रीतीने याच पद्धतीने कमावले जाते.

*सौंदर्यप्रसाधने.* केसांच्या कलपातील पॅरा-फेनिलिनडायमिन हे रसायन प्रबळ ॲलर्जीकारक आहे. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणातही ते मिसळलेले असते. नैसर्गिक मेंदीमुळे ॲलर्जी क्वचितच होते. कुंकवातील कृत्रिम रंग आणि टिकलीचा डिंक यांमुळे कपाळावर पुरळ उठू शकते. टिकलीच्या डिंकातील एका रसायनामुळे त्या जागी पांढरा डागही पडतो. तो कोड समजला गेल्यास रोग्याला, विशेषतः स्त्रियांना, विनाकारण सामाजिक मनस्ताप सोसावा लागतो.

*स्वयंपाकघर व औषधे.* लसूण सोलणाऱ्यांच्या अंगठ्याला व शेजारच्या दोन बोटांच्या टोकांना भेगा पडतात. लसूण ज्या हाती धरला जातो, त्या हाताला हा त्रास अधिक होतो. जखमेवर लावण्याच्या मलमांतील निओमायसिन व नायट्रोफ्युराझोन हीदेखील ॲलर्जीकारक ठरतात. अशा वेळी औषध लावूनही जखम वाढत जाते आणि रोगी आणखी औषध लावत राहतो.

पट्टी चाचणी

ॲलर्जीजन्य प्रकारातील कारक पदार्थ निश्चित करण्याची मान्य पद्धत म्हणजे पट्टी चाचणी. ठरावीक प्रमाणात मिसळलेले संशयित पदार्थ लहान चकत्यांत भरून पाठीच्या वरच्या भागावर चिकटवले जातात. ४८ तासांनी पट्ट्या काढून पहिली नोंद घेतली जाते. दुसरी नोंद ७२ किंवा ९६ तासांनी घेतात. काही पदार्थांची प्रतिक्रिया उशिरा येत असल्याने सातव्या दिवशीही पाहणी करावी लागते. पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवता येत नाही व घाम येईल असे काम करता येत नाही. त्यामुळे कडक उन्हाळ्यात ही चाचणी करणे कठीण जाते.

प्रतिक्रियेची प्रतवारी संशयास्पद, सौम्य, तीव्र व अतितीव्र अशी केली जाते. नुसती लाली दिसल्याने चाचणी होकारार्थी ठरत नाही. त्या जागी बोट फिरवल्यावर त्वचेत घट्टपणा जाणवावा लागतो. होकारार्थी ठरलेला पदार्थ रोग्याच्या रोजच्या वापरात आहे की नाही, हेही पडताळावे लागते. भारतातील परिस्थितीला अनुरूप अशी पदार्थांची भारतीय प्रमाणमालिका उपलब्ध असून तिच्यात गाजरगवताचा समावेश आहे.

रक्त तपासून ‘शंभर पदार्थांची ॲलर्जी’ सांगणाऱ्या चाचण्या या विकारात उपयोगी पडत नाहीत. त्या चाचण्या विशिष्ट प्रतिपिंडे मोजतात, तर स्पर्शजन्य त्वचाशोथ टी-पेशींमुळे होतो. अशा अहवालावर विसंबून दूध, डाळी व भाज्या वर्ज्य केल्याने लहान मुलांचे कुपोषण होण्याचा धोका असतो. खरे कारण मात्र तसेच राहते.

दूरनिदान

*विकास.* बोस्टन येथील वैद्यकांनी दूरचित्रवाणीच्या साहाय्याने त्वचारोगांचे निदान कितपत अचूक होते याचा अभ्यास करून तो १९७२ साली प्रसिद्ध केला. दूरस्थ त्वचारोगनिदानासाठी आज रूढ असलेली ‘टेलिडर्मटॉलॉजी’ ही संज्ञा अमेरिकेतील पेरेड्निया व ब्राऊन यांच्या १९९५ च्या लेखापासून प्रचलित झाली. भारतात २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि नोंदणीकृत वैद्यकांना दूरस्थ सल्ला देण्याची चौकट मिळाली. केंद्र शासनाच्या ई-संजीवनी सेवेद्वारे आरोग्य केंद्रातील कर्मचारी तज्ज्ञांचा सल्ला घेऊ शकतात, तसेच रोगी घरूनही वैद्यकांशी संपर्क साधू शकतात.

*पद्धती.* पहिल्या पद्धतीत छायाचित्रे व माहिती आधी पाठवली जाते आणि तज्ज्ञ सवडीने ती पाहून मत देतात. दुसऱ्या पद्धतीत थेट चित्रसंवाद होतो. पहिलीत चित्र अधिक स्पष्ट मिळते, तर दुसरीत प्रश्न विचारता येतात. स्पर्शजन्य त्वचाशोथात दोन्हींची सांगड घालणे हितावह ठरते.

*लाभ.* या विकारात रोग्याची हकिकत ही निदानाची किल्ली असते आणि हकिकत दुरूनही घेता येते. किंबहुना येथे दूरनिदानाला एक खास लाभ आहे. दवाखान्यात आलेल्या रोग्याला आपल्या साबणाचे वा मलमाचे नाव आठवत नाही. घरातून बोलणारा रोगी मात्र मोरीतील डबे, कपाटातील नळ्या, कामावरचे हातमोजे आणि अंगणाबाहेर वाढलेले गवत कॅमेऱ्यासमोर दाखवू शकतो. वेष्टनावरील घटकद्रव्यांची यादीही वाचता येते. गावापासून तज्ज्ञ दूर असल्यास प्रवासाचा खर्च व बुडणारी मजुरी वाचते.

*मर्यादा.* छायाचित्राला स्पर्श नसतो. पट्टी चाचणीतील तीव्र प्रतिक्रिया चित्रावरून ओळखता येते, परंतु सौम्य व संशयास्पद यांतील भेद बोटांनाच कळतो. गजकर्ण व इसब चित्रात सारखे दिसू शकतात. त्यांतील फरक ठरवण्यासाठी त्वचेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. गजकर्णाला इसब समजून स्टिरॉइडयुक्त मलम लावल्यास खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी आत पसरत जाते. कुष्ठरोगाच्या चट्ट्याची संवेदना नाहीशी झालेली असते आणि बधिरपणा कोणत्याही छायाचित्रात उमटत नाही. म्हणून न खाजणारा, फिकट चट्टा दिसल्यास प्रत्यक्ष तपासणीच करावी लागते. ओठ वा जीभ सुजणे, श्वास कोंडणे, तोंडात व्रण पडणे किंवा ताप येऊन अंगभर फोड उठणे ही तातडीची लक्षणे आहेत. त्यांत दूरस्थ सल्ल्याची वाट न पाहता रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

*त्वचेचा वर्ण.* पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत दाहाची खूण म्हणून लाल रंग सांगितलेला असतो. सावळ्या त्वचेवर तोच दाह जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो आणि त्याची तीव्रता कमी लेखली जाण्याचा संभव असतो. सावळ्या व काळ्या त्वचेवरील लक्षणांची ‘माइंड द गॅप’ ही सचित्र पुस्तिका २०२० साली लंडनमध्ये याच उणिवेतून तयार झाली. भारतीय रोग्याचे चित्र पाहताना रंगापेक्षा सूज, खपली, फोड आणि पुरळाची मांडणी यांना अधिक महत्त्व द्यावे लागते.

*संगणकीय निदान.* २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे १,२९,००० चित्रांवर शिकवलेली संगणकप्रणाली त्वचेच्या कर्करोगाच्या ओळखीत तज्ज्ञांची बरोबरी करते, असे दाखवले. मात्र २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गडद वर्णाच्या त्वचेवर अशा प्रणालींची अचूकता घटल्याचे दिसून आले. अशी प्रणाली समोर ठेवलेल्या चित्रातील पुरळाचा प्रकार सुचवू शकते. ते टिकलीमुळे झाले की कलपामुळे, याचे उत्तर त्या चित्रात नसते.

*छायाचित्र कसे असावे.* चित्र दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय घ्यावे. एक चित्र दुरून, म्हणजे पुरळ शरीरावर कोठे कोठे आहे हे दाखवणारे आणि एक जवळून, स्पष्ट असे असावे. त्यापूर्वी मलम, पावडर वा हळद पुसून टाकावी. चित्र उजळ वा सुंदर करणारी सोय बंद ठेवावी. चित्रासोबत पुरळाचा आरंभ, व्यवसाय, छंद, सुटीत त्रास कमी होतो का आणि लावलेली सर्व औषधे ही माहिती द्यावी. घरात इतरांना खाज असल्यास तेही कळवावे, कारण त्यावरून खरजेची शंका घेता येते. ही चित्रे वैद्यकीय नोंदीचाच भाग असल्यामुळे रोग्याच्या संमतीशिवाय ती इतरांना पाठवणे अनुचित ठरते.

उपचार

कारक पदार्थ टाळणे हा मुख्य उपचार होय. लस गळत असताना ओल्या पट्ट्या ठेवतात आणि त्वचा कोरडी झाल्यावर स्निग्ध मलम लावतात. स्टिरॉइडयुक्त मलमे गुणकारी आहेत, परंतु त्यांचे बळ, जागा व मुदत वैद्यकाने ठरवावी लागते. चेहऱ्यावर दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होणे, मुरुम येणे व मलम सोडताच आग होणे असे दुष्परिणाम होतात. गाजरगवताच्या चिवट विकारात ॲझाथायोप्रिन हे औषध रक्ततपासणीच्या देखरेखीखाली दिले जाते. संवेदीकरण बहुधा आयुष्यभर टिकते. त्यामुळे पुरळ गेले, म्हणजे ॲलर्जी गेली असे होत नाही.

प्रतिबंध आणि कायदे

या विकाराचा प्रतिबंध केवळ व्यक्तीच्या सावधगिरीने होत नाही, हे युरोपातील अनुभवावरून दिसते. डेन्मार्कमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी सिमेंटमध्ये लोह-सल्फेट मिसळून विद्राव्य क्रोमेटचे प्रमाण घटवण्यात आले. त्यानंतर बांधकाम कामगारांतील क्रोमेटची ॲलर्जी कमी झाली. २००५ पासून युरोपीय संघात ही मर्यादा दशलक्ष भागांत २ भाग अशी आहे. दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर डेन्मार्कने १९९० पासून आणि त्यानंतर युरोपीय संघाने निर्बंध घातले. त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंतून दर आठवड्यास, दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल सुटू नये, असा नियम आहे. निर्बंधांनंतर तरुण स्त्रियांमधील निकेलची ॲलर्जी घटली.

याउलट मिथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाचा सौंदर्यप्रसाधनांत स्वतंत्रपणे वापर सुरू झाल्यावर त्याच्या ॲलर्जीची साथच आली. पट्टी चाचणी करणाऱ्या वैद्यकांच्या नोंदींतून ती उघडकीस आली आणि २०१७ साली युरोपीय संघाने अंगावर तशाच राहणाऱ्या प्रसाधनांत त्याच्या वापरास बंदी घातली. एकेका रोग्याच्या पाठीवर घेतलेल्या अशा नोंदी एकत्र आल्या, की त्यांतून सर्वांच्या हिताचा नियम घडू शकतो.

व्यक्तिगत पातळीवर गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून उपटणे, ओल्या सिमेंटचा स्पर्श टाळणे आणि वेष्टनावरील घटकद्रव्ये वाचणे हे उपाय सुचवले जातात. रबरी हातमोज्यांतील रसायनेही काही जणांना ॲलर्जीकारक ठरतात, म्हणून अशा व्यक्तींनी वेगळ्या पदार्थाचे मोजे वापरावेत. निदान निश्चित झालेल्या रोग्याला टाळावयाच्या पदार्थांची यादी त्याच्या भाषेत लिहून देणे उपयुक्त ठरते. औषधाच्या दुकानात, केशकर्तनालयात वा नव्या कामावर रुजू होताना ती दाखवता येते.

हेही पाहा

इसब
गाजरगवत
बिब्बा
कुष्ठरोग
दूरवैद्यक